सांडलवंड

दोघी जावा रोज एकाच खोलीत काम करायच्या. भांडायच्या नाहीत असं नाही, पण भांडून झाल्यावर चहा एकाच किटलीतला प्यायच्या. नातेवाइकांना याचं फार नवल वाटायचं.

खोली घराच्या वरच्या मजल्यावर होती. पूर्वी तिथे कपडे वाळत घालत. दोऱ्यांचे हूक अजून छताला होते आणि थोरलीची पिशवी त्यांतल्याच एकाला लटकलेली असायची. खाली तळमजल्यावर चष्म्याचं दुकान. खोलीत दोन टेबलं, चार स्क्रीन आणि फिरताना दर फेरीला कण्हणारा एक पंखा. दोघी तिथे बसून तांब्याचे वायदे करत. पुढच्या एखाद्या महिन्यात द्यायच्या तांब्याचा सौदा आजच्या भावाने करायचा आणि माल दारात यायच्या आधीच तो उलटा करून मोकळं व्हायचं, असा तो व्यवसाय. घरात खरंखुरं तांबं म्हणाल तर विजेच्या वायरीत असेल तेवढंच.

थोरली जुन्या बाजारातली. सौदे ओरडून आणि हाताच्या खुणांनी व्हायचे तेव्हा ती तिथे शंभर पुरुषांच्या गर्दीत उभी असायची. तिचा आवाज तिथेच बसला तो कायमचा. घोगरा झाला, पण लहान काही झाला नाही. तिने जेवताना मीठ मागितलं तरी चष्म्याच्या दुकानात कळायचं. बाजार स्क्रीनवर गेला तशी ती घरी आली आणि स्वतःपुरते सौदे करू लागली. सकाळी थोडे, दुपारी थोडे, बस्स.

धाकटी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची. तिचा विभाग दुसऱ्या विभागात विलीन झाला तेव्हा तिने नोकरी सोडली आणि वर येऊन थोरलीच्या शेजारी खुर्ची टाकली. वर्षभर खपून तिने एक प्रोग्रॅम लिहिला. भाव विशिष्ट तऱ्हेने धावू लागला की प्रोग्रॅम घ्यायचा किंवा विकायचा आणि थोड्या मिनिटांत बाहेर पडायचा. मागच्या कित्येक वर्षांचे भाव त्याला घालून पाहिले, तर नफ्याचा आलेख जिन्यासारखा वर चढत गेला.

एका सकाळी तिने तो थोरलीला दाखवला. थोरलीने चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि बराच वेळ पाहिला.

"सुरेख आहे," ती म्हणाली. "पण हे सौदे कुठल्या भावाने झालेत गं?"

"त्या क्षणी स्क्रीनवर जो भाव होता त्याने."

"तो भाव दुसऱ्या कोणाला तरी मिळाला म्हणून स्क्रीनवर आला. तुला तो कोण देणार?"

धाकटी हसली. तिला हा प्रश्न अपेक्षित होता. "ते धरणारच आहे ना ताई. त्याला स्लिपेज म्हणतात. ठरवलेला भाव आणि हातात पडलेला भाव, यांतला फरक. दर सौद्याला अर्धा टिक धरते."

टिक म्हणजे भाव हलू शकतो ते सगळ्यात लहान पाऊल. धाकटीचा हिशोब सरळ होता. घेणारे एका भावाला उभे असतात, विकणारे त्याच्या एक टिक वर. खरा भाव मधला मानला, तर घेताना अर्धा टिक वर मोजावा लागणार. म्हणून अर्धा.

"हे निवांत वेळेचं झालं," थोरली म्हणाली. "तुझा प्रोग्रॅम निवांत वेळी उठतो का? भाव धावायला लागला की उठतो. आणि तेव्हा तू एकटीच उठतेस होय? सगळं गाव उठलेलं असतं. ज्या विकणाऱ्याला तू हेरून ठेवलंस, तो तू पोचेपर्यंत फळी लावून गेलेला असतो. दोन टिक धर. कमी नाही."

धाकटीने दोन धरून पाहिले. जिना तळघरात उतरला.

"दोन हा आकडा कुठून आणलात तुम्ही?"

"पायांतून," थोरली म्हणाली. "इतकी वर्षं उभी राहिलेय तिथे."

वाद जेवणाच्या टेबलावर गेला. घरात दोघींचे नवरे होते, पण थोरला जहाजावर इंजिनियर, तो असून नसल्यासारखा; आणि धाकटा तरणतलावावर पोहायला शिकवायचा, त्याला या वादात तोंड घालायची छाती नव्हती. उरल्या सासूबाई. त्या हयातभर शाळेत मुख्याध्यापिका होत्या. दोन्ही सुनांचं ऐकून घेईपर्यंत त्यांनी सूप संपवलं आणि चमचा वाटीत आडवा ठेवला.

"म्हणजे भांड्यातून भांड्यात ओतताना थोडं सांडतं, तसंच ना हे?"

"तसंच, आई," धाकटी म्हणाली.

"मग सांडलवंड म्हणा की सरळ. किती सांडतं ते कोणी मोजलंय?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"एक म्हणते अर्धा, एक म्हणते दोन. दोघीही अंदाजपंचे बोलताय आणि वर आवाज चढवताय. मोजा आधी. जिचा अंदाज लांबचा निघेल तिने महिनाभर रात्रीची भांडी घासायची."

पैज लागली तशी मोजणीही सुरू झाली. नुसत्या कागदावर सौदे लिहून चालणार नव्हतं. कागदावरचा सौदा बाजारात कोणाला धक्का देत नाही आणि कोणाचा धक्का खातही नाही. तेव्हा खरेच सौदे करायचे, पण लहानात लहान. प्रोग्रॅमने ठरवलं त्या क्षणाचा मधला भाव टिपून ठेवायचा, मग सौदा प्रत्यक्ष ज्या भावाने झाला तो, आणि दोघांतला फरक म्हणजे सांडलवंड.

पहिले काही दिवस धाकटी हवेत होती. बहुतेक सौद्यांत अर्धाच टिक सांडत होता. एकदोनदा तर ऑर्डर पोचेपर्यंत भाव तिच्याच बाजूला सरकला आणि काहीच सांडलं नाही. तिने खालच्या दुकानातून भांड्यांसाठी रबरी हातमोजे मिळतील का याची मोठ्याने चौकशी केली.

"चष्म्याच्या दुकानात?" थोरलीने विचारलं.

"तुमच्यासाठी हो, ताई. तुमचे हात नाजूक आहेत."

थोरलीने पंख्याचा वेग वाढवला.

मग गोदामांतल्या तांब्याच्या साठ्याचे आकडे जाहीर व्हायचा दिवस आला. आकडे येण्याच्या जरा आधीपासूनच स्क्रीनवरचे भाव विरळ होऊ लागले. एरवी प्रत्येक पायरीवर गर्दी असायची. आता एकेक पायरी रिकामी होत गेली, तमाशा संपल्यावर लोक उठावेत तशी. आकडे आले, भाव उसळला, प्रोग्रॅम उठला आणि त्याने घेतलं. धाकटीने पाहिलं तर सौदा सात टिक वर झाला होता.

"असं कसं?" तिने तोच आकडा पुन्हा बोटाने मोजला. "मध्ये कोणीच नव्हतं?"

"नव्हतं," थोरली म्हणाली. तिच्या ओठांवर हसू आलं होतं, पण धाकटीचा चेहरा पाहून तिने ते आवरलं. "असल्या वेळी आम्ही ओरडायचं थांबवून नुसते एकमेकांची तोंडं बघायचो. जो आधी तोंड उघडेल तो गेला."

त्या दिवसापासून सरासरी चढू लागली. धाकटीला रात्री झोप लागायची, पण सकाळी उठल्यावर आधी सरासरी आठवायची.

थोरलीला तिची दया आली म्हणा, किंवा जिंकतेय म्हटल्यावर मन मोठं झालं म्हणा, तिने एक तोडगा काढला. "भावाच्या मागे धावतेस कशाला? आपला भाव सांगून उभी राहा. यायचा तो येईल. मी जन्मात कधी भावाच्या मागे धावले नाही."

धाकटीने तसं करून पाहिलं. खरंच, सांडलवंड शून्यावर आली. ज्या भावाने मागितलं त्याच भावाने मिळायचं. थोरली तर इतकी खूश झाली की तिने स्वतःहून चहा केला. पण सांडलवंड थांबली आणि नफाही थांबला, हे धाकटीच्या लक्षात आलं. तिने न मिळालेल्या सौद्यांकडे पाहिलं आणि दुपारभर त्यातच डोकं घालून बसली.

"ताई, जरा इकडे या."

थोरली खुर्चीसकट सरकली.

"हे बघा. जे सौदे आपल्याला मिळाले नाहीत, त्यांत भाव आपल्याला न विचारता वर निघून गेला. म्हणजे आपला अंदाज बरोबर होता तेच हुकले. आणि जे मिळाले त्यांत भाव खाली येऊन आपल्या अंगावर पडला. चुकलेले तेवढे झोळीत आले. न मिळणं हीसुद्धा सांडलवंडच आहे. दिसत नाही एवढंच."

थोरलीने ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना चष्मा काढून पदराला पुसला.

"म्हणजे मी जी इतकी वर्षं मान ताठ करून उभी राहिले..."

"तुम्ही कमावलंत की."

"कमावलं गं. पण काय काय हुकलं ते कधी मोजलंच नाही." ती मोठ्याने हसली; खाली दुकानात कोणीतरी वर पाहिलं असणार. "बरं झालं नाही मोजलं. तरुणपणी मोजलं असतं तर भांडायला लागले असते सगळ्यांशी."

मोजणी पुरेशी झाली असं धाकटीला वाटलं तेव्हा तिने भावामागे धावून केलेल्या सौद्यांची सरासरी काढून सासूबाईंपुढे ठेवली. ती निघाली सव्वा टिक.

सासूबाईंनी बोटांवर काहीतरी केलं. "अर्ध्यापासून पाऊण लांब. आणि दोनापासून?"

"पाऊणच," धाकटा ताटातून मान वर काढून म्हणाला. महिनाभरात तो या विषयावर पहिल्यांदाच बोलला.

"दोघींनी घासा," सासूबाई म्हणाल्या. "एक साबण लावील, एक विसळील."

भांडी घासता घासता धाकटी म्हणाली, "ताई, पण ही सरासरी तशी कुचकामीच आहे. सव्वा टिक सांडलेला सौदा शोधून सापडायचा नाही. बहुतेकांत अर्धा नाहीतर एक, आणि थोड्यांत पाच, सात, नऊ. सगळं एकत्र कालवलं म्हणून सव्वा."

"मग वेगळं कर ना."

तिने वेगळं केलं. दिवसाच्या प्रत्येक वेळेची सांडलवंड निराळी मांडली. बाजार उघडताना उंच, मग उतार, दुपारी सपाट, आकडे जाहीर व्हायच्या वेळी सुळका. त्याप्रमाणे प्रोग्रॅमच्या नफ्यातून खर्च वजा केल्यावर त्याची चपळ चाल पार झोपली. मग तिने त्या वाईट वेळा टाळल्या आणि घाईचे सौदे काढून टाकले. दिवसाकाठी मोजकेच उरले. नवा आलेख आला तो जिना नव्हता. पाणी वाहून जायला अंगणाला उतार ठेवतात, तेवढाच जेमतेम चढ होता. पण त्यातल्या प्रत्येक सौद्याचा भाव खरोखर मिळण्यासारखा होता.

इथवर सगळं घरात होतं. पण धाकट्याच्या पोटात बायकोचं कौतुक राहत नसे. जिन्यासारख्या पहिल्या आलेखाची गोष्ट त्याने कधीच तलावावर सांगून टाकली होती. तिथे केबलच्या कारखान्याचे खरेदीप्रमुख पोहायला यायचे. पाठीवर तरंगत त्यांनी ती ऐकली आणि कारखान्याची काही शिल्लक अशा ठिकाणी लावता येईल का, हे पाहायला घरी येतो म्हणाले. पाहुणे यायचा दिवस उजाडला तेव्हा धाकटीच्या हातात जिना नव्हता, अंगण होतं.

"पहिला आलेख अजून आहे माझ्याकडे," ती सकाळी थोरलीला म्हणाली. "त्यात अर्धा टिक धरलाय. पुस्तकात तसंच धरतात. खोटं असं नाही म्हणता येणार."

"नाहीच म्हणता येणार."

"पण दाखवणार नाही."

"मी काही बोलले का?" थोरली म्हणाली आणि पाहुण्यांसाठी तिसरी खुर्ची पुसू लागली.

खरेदीप्रमुख गोल चेहऱ्याचे, घाईने जिना चढून धापा टाकणारे गृहस्थ होते. त्यांनी आलेख पाहिला आणि त्यांचा चेहरा पडला. "हा तर झोपलाय की."

"झोपलेला नाही. सावकाश चालतोय," धाकटी म्हणाली. "आणि यात तुमची रक्कम मावणार नाही. एक-दोन लॉट, म्हणजे वायद्याचे ठरावीक वजनाचे गठ्ठे, घेतले तर समोर उभ्या असलेल्याकडूनच मिळतात. पन्नास घ्यायला गेलं की पहिल्याचे संपतात, मग त्याच्या वरचा, मग त्याच्या वरचा. आपणच आपला भाव चढवत जातो. सगळा नफा वाटेत सांडतो."

असं तोंडावर 'तुमचे पैसे नकोत' म्हणणारं कोणी त्यांना भेटलं नसावं. ते उठायच्या बेतात होते, तेवढ्यात त्यांची नजर दुसऱ्या स्क्रीनवर गेली. "आणि हे डोंगर कसले?"

"कुठल्या वेळी किती सांडतं, ते."

"सकाळी एवढं?"

"बाजार उघडताना उभे असणारे थोडे, आणि घाई सगळ्यांना."

ते पुन्हा बसले. "आम्ही रोज तेव्हाच घेतो," ते सावकाश म्हणाले. कारखाना केबलची किंमत गिऱ्हाइकाला आधी कबूल करायचा आणि माल महिन्यांनी द्यायचा. मधल्या काळात तांबं महागलं तर मेलो, म्हणून जेवढी मागणी आली तेवढ्याचे वायदे दुसऱ्या दिवशी सकाळी घेऊन टाकायचे, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा रिवाज. "सकाळी आल्याबरोबर फोन करायचा आणि काम हातावेगळं करायचं. मग दिवस मोकळा."

"एकदम घेता?" थोरलीने विचारलं. "सगळं?"

"सगळं."

थोरली खुर्चीत मागे रेलली. मग पुढे आली. मग तिने दोन्ही हात गुडघ्यांवर आपटले.

"अहो, ते तुम्ही होय! रोज सकाळी भाव टुणकन वर उडतो आणि किटली उकळेपर्यंत परत जागेवर येऊन बसतो. मी कधीपासून तुम्हाला वर विकतेय आणि खाली परत घेतेय!" तिने नाकावरच्या चष्म्याकडे बोट दाखवलं. "ही फ्रेम तुमच्या कारखान्याने घेतलीय मला."

धाकटीला वाटलं, झालं, आता हे चपला घालतील. खरेदीप्रमुखांनी थोरलीकडे पाहिलं, डोंगराकडे पाहिलं, पुन्हा थोरलीकडे पाहिलं आणि त्यांचं पोट हलायला लागलं. मग त्यांना हसू आवरेना. डोळे पुसत ते म्हणाले, "छान आहे फ्रेम. निदान घेतली तरी बरी घेतलीत."

हसून झाल्यावर ते कामाचं बोलले. कारखान्याची अशी किती सांडलवंड होते ते या दोघींनी मोजून द्यायचं, आणि रोजची खरेदी तुकडे करून दिवसभरात पसरून करायची. मोबदला दरमहा.

धाकटी थोरलीकडे पाहू लागली. सकाळचे ते सौदे ही थोरलीची हक्काची, निवांत कमाई होती. कारखाना शहाणा झाला की ती उडी संपणार, आणि उडी संपली की कमाईही.

"ही नोकरी मला महागात पडणार," थोरली म्हणाली. पण तिचे डोळे चमकत होते. "चालेल. एक मात्र आत्ताच सांगते. तुमची ऑर्डर आमच्या हातात असेल तोवर मी तांब्यात स्वतःचा एकही सौदा करणार नाही. तुम्ही काय घेणार हे मला ठाऊक असताना मी आधी घेऊन ठेवलं, तर ती उघड चोरी होईल."

"मी मागणार होतोच हे," खरेदीप्रमुख म्हणाले.

"मागायच्या आधी मिळालं ना? झालं तर."

पहिल्या दिवशी धाकटीने लिहिलेला नवा प्रोग्रॅम खरेदीचे तुकडे करून ऑर्डर देत होता आणि थोरली स्क्रीनवर नजर ठेवून होती. सकाळची घाई त्यांनी जाऊ दिली. मग दोन लॉट, जरा थांबून तीन, मग बराच वेळ काहीच नाही. मध्येच थोरली म्हणाली, "थांब. समोरचा विकणारा मोठा आहे, पण खोटा वाटतो. हा पळणार." तो पळाला. दुसऱ्यांदा तिला तसंच वाटलं तेव्हा मात्र समोरचा ठाम उभा राहिला आणि प्रोग्रॅमने तिचं न ऐकता त्याच्याकडून घेतलं ते बरंच झालं. बाजार बंद व्हायच्या आत सगळी खरेदी पुरी झाली होती आणि भाव कोणाच्या अंगावर उसळला नव्हता. खरेदीप्रमुखांना फोनवर आकडा सांगितला तेव्हा त्यांनी तो पुन्हा एकदा सांगायला लावला.

"रोज असं होईल?"

"रोज नाही," धाकटी म्हणाली. "कधी थांबल्यामुळे महागही पडेल. पण वर्षाचं मिळून हेच स्वस्त."

तसंच झालं. काही दिवशी थांबल्याचा पस्तावा झाला, पण एकुणात कारखान्याचा बराच पैसा वाचला, आणि धाकटीचा सावकाश चालणारा प्रोग्रॅमही, कारखान्याशी संबंध यायला नको म्हणून दुसऱ्या धातूवर हलवलेला, आपल्या गतीने चढत राहिला. सासूबाई रोज जेवताना विचारायच्या, "आज किती सांडलं?" आणि उत्तर ऐकून शेरा द्यायच्या: ठीक, बरं, किंवा पुन्हा करा.

काही महिन्यांनी खरेदीप्रमुखांनी दोघींना कारखाना पाहायला बोलावलं. बाजाराला सुट्टी होती, म्हणून दोघी गेल्या. आत एका लांबलचक छपराखाली बोटभर जाडीची तांब्याची सळई एका टोकाने यंत्रात शिरत होती आणि साच्यांच्या एकामागून एक भोकांतून ओढली जात बारीक बारीक होत दुसऱ्या टोकाला तार होऊन बाहेर पडत होती. रंग असा, की धाकटीला वाटलं आत कोणीतरी दिवा लावलाय.

थोरली दुसऱ्या टोकाशी जाऊन उभी राहिली. यंत्रावरच्या माणसाने गुंडाळलेल्या तारेचं एक रीळ तिच्यापुढे धरलं. "हात लावा, बाई. गरम आहे जरा, भाजणार नाही."

तिने हात लावला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"काय झालं, ताई?"

"काही नाही गं." यंत्राच्या आवाजात थोरलीचा घोगरा आवाज पहिल्यांदाच बेताचा वाटत होता. "आयुष्यभर याचा भाव ओरडले. किती टन घेतलं, किती टन विकलं. हात मात्र आज लागला."

धाकटीनेही शेजारी हात ठेवला. तार खरंच उबदार होती. दोघी तिथे इतका वेळ उभ्या राहिल्या की खरेदीप्रमुख दोनदा घड्याळ पाहून गेले, आणि घरी पोचेपर्यंत सासूबाई जेवून मोकळ्या झाल्या होत्या.